तीन डॉक्टर, तीन नावं: एनएमओ आहे की नाही हे ठरवायचं कसं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्यांची बहीण ३१ वर्षांची, सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात शिलाईचं काम करते. दिवाळीनंतर तिला जवळपास तीन आठवडे उचकी आणि उलट्यांचा त्रास झाला. एंडोस्कोपी नॉर्मल आली आणि त्रास आपोआप थांबला. मार्चमध्ये पायांना मुंग्या आल्या, पोटाभोवती पट्टा आवळल्यासारखं वाटू लागलं, चार दिवसांत पाय उचलेनात आणि लघवी तुंबली. एमआरआयमध्ये मानेपासून पाठीपर्यंत मज्जारज्जूला सूज दिसली. एका डॉक्टरांनी ‘ट्रान्सव्हर्स मायलायटिस’ (मज्जारज्जूची सूज) सांगितलं. दुसऱ्यांनी ‘एमएस’ (मल्टिपल स्क्लेरोसिस) म्हणून आठवड्याला एक इंटरफेरॉनचं इंजेक्शन सुचवलं. तिसऱ्यांचं म्हणणं, आपल्याकडे टीबीच जास्त, औषधं सुरू करून ठेवू. पाच दिवस स्टेरॉइडच्या सलाइननंतर ती आता धरून चालते. एनएमओ (न्यूरोमायलायटिस ऑप्टिका, डोळ्यांच्या नसा आणि मज्जारज्जू यांचा आजार) आहे का हे बघायला रक्ताची एक महागडी तपासणी लिहून दिली आहे. भावाचा प्रश्न: एवढा फरक पडलाय, तर ती तपासणी केलीच पाहिजे का? आणि तिला दुसरं मूल हवंय, त्याचं काय?

थेट उत्तर आधी देतो. हो, ती तपासणी करा. तिचा रिपोर्ट येईपर्यंत एमएसचं इंजेक्शन सुरू करू नका. स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर बरं वाटतंय म्हणून स्वतःहून बंद करू नका. मी ताईंना तपासलेलं नाही, फिल्म पाहिलेल्या नाहीत, त्यामुळे निदान मी इथे बसून करणार नाही. पण तुम्ही लिहिलंय त्यात एक गोष्ट अशी आहे की ती वाचून माझ्यासारखा कुठलाही न्यूरॉलॉजिस्ट खुर्चीत पुढे सरकून बसेल. ती गोष्ट म्हणजे उचकी. तुम्ही ती सुरुवातीला सहज सांगून टाकलीत, आणि मला वाटतं तिन्ही डॉक्टरांपर्यंत ती पोचलीच नसावी.

खरा प्रश्न ‘तीन नावांपैकी कुठलं बरोबर’ एवढाच नाही. खरा प्रश्न असा की हा आजार एकदा येऊन गेला, की पुन्हा येणार आहे? आणि पुन्हा येणारा असेल तर कुठल्या औषधाने तो थांबेल आणि कुठल्या औषधाने बळावेल? आत्ता स्टेरॉइडने जो फरक पडला, तो या प्रश्नाचं उत्तर देत नाही. स्टेरॉइड सूज उतरवतं, मग सूज कशाचीही असो. टीबीची सूजही काही दिवस उतरते, सारकॉइड या गाठींच्या आजाराची उतरते, लिम्फोमा हा कर्करोगसुद्धा काही आठवडे विरघळल्यासारखा दिसतो. म्हणून ‘स्टेरॉइड लागू पडलं’ हा निदानाचा पुरावा मी कधीच धरत नाही.

आता उचकीबद्दल. आपल्याकडे उचकी लागली की ‘कुणीतरी आठवण काढतंय’ म्हणतात, साखर खायला देतात, पाणी पाजतात. नव्व्याण्णव वेळा ते ठीकच असतं. पण दोन दिवसांपेक्षा जास्त चाललेली, झोपेतही न थांबणारी, उलट्यांसकटची उचकी, आणि पोटात काहीच सापडत नाही, अशी असेल तर ती मेंदूच्या खालच्या टोकाकडून येत असू शकते. मेंदू जिथे मज्जारज्जूला जोडतो त्या लंबमज्जेच्या मागच्या बाजूला ‘एरिया पोस्ट्रेमा’ नावाचा छोटासा भाग आहे. उलटीचं नियंत्रण तिथे असतं. रक्तातल्या विषारी गोष्टींचा सुगावा लागावा म्हणून निसर्गाने या भागात रक्त आणि मेंदू यांच्यातला पडदा विरळ ठेवलाय. त्यामुळे रक्तात फिरणाऱ्या चुकीच्या प्रतिद्रव्यांनाही (अँटीबॉडींनाही) इथे सहज शिरता येतं. न्यूरोमायलायटिस ऑप्टिका, म्हणजे एनएमओ, या आजाराचा पहिला हल्ला काही रुग्णांत नेमका इथेच होतो. पोटाचे डॉक्टर एंडोस्कोपी करतात, सोनोग्राफी करतात, सगळं नॉर्मल येतं, दोन-तीन आठवड्यांत त्रास आपोआप ओसरतो आणि सगळे विसरून जातात. काही महिन्यांनी पाय जातात किंवा डोळा जातो, तेव्हा कुणी मागचं विचारत नाही आणि घरचेही सांगत नाहीत, कारण पोटाचा आणि पायाचा संबंध असेल असं वाटणार तरी कसं?

म्हणून अशा पेशंटची हिस्टरी मी उलट्या दिशेने घेतो. पाय कधी गेले हे सगळेच सांगतात. मी विचारतो, गेल्या पाच-सात वर्षांत कधी एका डोळ्याने अंधूक दिसलं होतं का? डोळा फिरवताना दुखत होता का? रंग फिके दिसले का? कधी उलट्यांसाठी अॅडमिट केलं होतं का? बाळंतपणानंतरच्या महिन्यांत काही झालं होतं का? अंगावर पुरळ नसताना मानेला किंवा पाठीला वेड लागेल इतकी खाज सुटली होती का? दिवसातून अनेकदा हात किंवा पाय अर्धा-एक मिनिट आखडून प्रचंड दुखतो का? हे शेवटचं लक्षण घरच्यांना फिट वाटतं, शेजारच्यांना नाटक वाटतं, आणि क्वचित ‘बाहेरचं’ बघायलाही नेलं जातं. प्रत्यक्षात ते सुजलेल्या मज्जारज्जूतून उठणारे टॉनिक स्पॅझम असतात आणि कार्बामॅझेपिनच्या छोट्या डोसने बहुतेक वेळा आटोक्यात येतात. ताईंना असं काही होत असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा.

एनएमओ म्हणजे काय ते जरा समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं जुळेल. आपल्या प्रतिकारशक्तीने चुकून आपल्याच मेंदू-मज्जारज्जूवर हल्ला करणं, एवढं एमएस आणि एनएमओ दोन्हींत सारखं आहे. पण लक्ष्य वेगळं. एमएसमध्ये नसांवरच्या मायलिनच्या आवरणावर हल्ला होतो. एनएमओमध्ये अॅस्ट्रोसाइट नावाच्या आधार देणाऱ्या पेशींवर होतो. या पेशींच्या पायथ्याशी पाण्याची ये-जा करणारी दारं असतात, त्यांचं नाव अॅक्वापोरिन-४. शरीर या दारांविरुद्ध प्रतिद्रव्यं तयार करतं, ती तिथे चिकटतात, कॉम्प्लिमेंट नावाची रक्तातली यंत्रणा जागी होते आणि पेशी मरतात. मायलिनचं नुकसान त्यामागोमाग होतं. फ्रान्समधल्या लिऑन शहरात यूजीन डेव्हिक यांनी १८९४ साली डोळे आणि मज्जारज्जू दोन्ही जाणाऱ्या रुग्णांचं वर्णन केलं, आणि पुढची शंभर वर्षं बहुतेकांनी हा एमएसचाच एक जहाल प्रकार मानला. २००४ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या गटाने रक्तातलं प्रतिद्रव्य शोधलं, पुढच्याच वर्षी त्याचं लक्ष्य अॅक्वापोरिन-४ असल्याचं कळलं, आणि मग दोन्ही आजारांची फारकत झाली. २०१५ च्या आंतरराष्ट्रीय निकषांनंतर याला एनएमओ स्पेक्ट्रम डिसऑर्डर म्हणतात, कारण फक्त डोळे आणि पाठच नाही, तर उचकी-उलट्या, अनावर झोप, ब्रेनस्टेमची (मेंदूच्या देठाची) लक्षणं असं काहीही पहिल्यांदा दिसू शकतं.

तुमच्या बहिणीचं वय आणि बाई असणं हेही इकडेच बोट दाखवतं. अॅक्वापोरिनचं प्रतिद्रव्य सापडणाऱ्या रुग्णांत बायकांचं प्रमाण पुरुषांच्या कितीतरी पट, काही ठिकाणी नऊ पटींपर्यंत असतं. पण वय आणि लिंग यावरून निदान होत नाही, शंका फक्त पक्की होते.

तपासणी टेबलावर काय पाहतो ते सांगतो, कारण ताई पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जातील तेव्हा हे झालं की नाही ते तुम्हाला कळेल. पेशंटला झोपवून, डोळे मिटायला सांगून, मी पायाच्या अंगठ्यापासून टाचणीचं टोक हलकेच टेकवत वर येतो. घोटा, पिंढरी, गुडघा, मांडी. “टोचतंय का?” “काहीतरी लागतंय, पण टोचत नाही.” बेंबी ओलांडून चार बोटं वर गेलं की पेशंट एकदम दचकतो आणि म्हणतो, “हां, इथं टोचलं.” पेनने तिथे रेघ मारतो. दुसऱ्या बाजूने पुन्हा तेच करतो. ती रेघ म्हणजे मज्जारज्जूत बिघाड साधारण कुठल्या पातळीला आहे त्याचा पत्ता. बेंबी ही छातीच्या मणक्यांमधल्या दहाव्या नसेची पातळी, स्तनाग्रं चौथ्या नसेची. मग डोळे. टॉर्च एका डोळ्यावरून दुसऱ्यावर झटकन नेतो; निरोगी डोळ्यात बाहुली बारीकच राहते, आजारी डोळ्यावर उजेड आला की ती उलट मोठी होते. आणि एक लाल झाकण आधी एका डोळ्याला, मग दुसऱ्याला दाखवतो. “दोन्हीकडे सारखंच लाल आहे का?” ज्या डोळ्याची नस पूर्वी सुजून गेलीय त्याला ते झाकण विटकरी, धुवून फिकं पडल्यासारखं दिसतं. पेशंटला स्वतःला माहीत नसलेला जुना हल्ला या एका झाकणाने सापडू शकतो. ताईंच्या बाबतीत असं काही निघालं तर डोळ्यांची व्हीईपी ही तपासणी करून घ्यावी. तिला सुई नाही, इंजेक्शन नाही. डोक्याला तारा लावून पडद्यावरचे हलते चौकोन बघायचे असतात.

एमआरआयबद्दल एक गोष्ट मी जिथे संधी मिळेल तिथे सांगतो. पाय लुळे पडले की आपल्याकडे सर्रास कमरेचा एमआरआय काढला जातो, कारण ‘मणक्याची नस दबली’ हेच सगळ्यांच्या डोक्यात असतं. मोठ्या माणसात मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या मणक्याच्या आसपास संपतो. म्हणजे कमरेच्या फिल्ममध्ये मज्जारज्जूचं फक्त शेपूट दिसतं. पाय गेले, लघवी तुंबली, पोटावर पट्टा आहे, तर मान ते कंबर पूर्ण मणक्याचा, सोबत मेंदूचा, आणि शक्य असेल तर डोळ्यांच्या नसांचा, कॉन्ट्रास्टसह एमआरआय लागतो. वेळही महत्त्वाची. अगदी पहिल्या एक-दोन दिवसांत काढलेली फिल्म नॉर्मल किंवा किरकोळ दिसू शकते, आणि दोन-तीन महिन्यांनी काढली तर लांबलचक सूज आटून तिचे तुकडे पडलेले दिसतात. मग वाचणाऱ्याला ते एमएसच्या छोट्या डागांसारखं वाटू शकतं. म्हणून हल्ल्याच्या वेळची मूळ सीडी जपून ठेवा. नुसत्या रिपोर्टच्या कागदावर भागत नाही.

तुमच्याकडच्या रिपोर्टमध्ये ‘मानेपासून पाठीपर्यंत’ सूज लिहिलीय. ती सलग तीन किंवा त्याहून जास्त मणक्यांइतकी लांब असेल आणि आडव्या छेदात मज्जारज्जूच्या मधोमध असेल तर एनएमओची शंका वाढते. एमएसचा डाग बहुतेक वेळा आखूड, दोन मणक्यांपेक्षाही कमी, आणि एका कडेला असतो. मेंदूच्या फिल्ममध्येही फरक असतो. एमएसमध्ये मेंदूतल्या पोकळ्यांभोवती अंडाकृती डाग काटकोनात उभे दिसतात. एनएमओमध्ये मेंदू बऱ्याचदा स्वच्छ असतो किंवा डाग लंबमज्जेच्या मागे, पोकळ्यांना लागून अशा ठिकाणी असतात. रेडिओलॉजिस्टना मुद्दाम सांगा, “तीन आठवडे उचकी होती, एरिया पोस्ट्रेमा पुन्हा एकदा बघा.” आपण सांगितल्याशिवाय त्या छोट्याशा जागेकडे विशेष लक्ष जाईलच असं नाही. मात्र एवढ्या महिन्यांनंतर तिथे काही दिसलं नाही, म्हणून उचकीचं महत्त्व कमी होत नाही.

आता रक्ताची तपासणी. तिचं नाव अॅक्वापोरिन-४ अँटीबॉडी. ती कुठल्या पद्धतीने करतात हे विचारा. ‘सेल-बेस्ड अॅसे’ पद्धत हवी, म्हणजे जिवंत किंवा स्थिर केलेल्या पेशींवर अॅक्वापोरिन उभं करून त्याला रुग्णाचं प्रतिद्रव्य चिकटतं का ते बघतात. एलायझा पद्धत स्वस्त पडते, पण तिच्यात आजार हुकण्याची शक्यता जास्त, आणि हलका पॉझिटिव्ह आला तर तो खोटाही असू शकतो. नमुना रक्ताचाच द्या. पाठीतल्या पाण्यात ही तपासणी साधारणपणे करत नाहीत, रक्तातच ती जास्त सापडते. सोबत ‘मॉग’ अँटीबॉडीही करून घ्या. मॉगचा आजार हा याच घराण्यातला तिसरा भाऊ आहे, डोळे आणि मज्जारज्जू दोन्ही पकडतो, पण स्टेरॉइडला छान प्रतिसाद देतो, पुरुष-बायकांत सारखाच होतो, आणि त्याचा पुढचा मार्ग वेगळा आहे.

स्टेरॉइड दिलं गेलंय म्हणून आता तपासणी वाया जाईल, असं समजू नका. स्टेरॉइडच्या आधी रक्त घेणं सर्वात चांगलं, पण ते राहिलं असेल तर आत्ता घ्या. प्लाझ्मा एक्स्चेंजची मात्र वेगळी गोष्ट. त्यात रक्तातली प्रतिद्रव्यंच धुऊन निघतात, म्हणून ती करायची वेळ आली तर पहिल्या सत्राआधी एक नळी रक्त काढून ठेवलंच पाहिजे. सोलापुरात बऱ्याच वेळा नमुना इथे घेऊन मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत पाठवतात आणि रिपोर्टला दिवस लागतात. हल्ला चालू असताना त्या रिपोर्टची वाट बघत उपचार थांबवायचे नसतात. रक्त पाठवायचं आणि उपचार सुरू करायचे.

पॉझिटिव्ह आला तर निदान जवळपास पक्कं. या पद्धतीत खोटा पॉझिटिव्ह फार क्वचित येतो. ताईंसारखा एक ठळक हल्ला, प्रतिद्रव्य पॉझिटिव्ह आणि दुसरं कारण नाही, एवढ्यावर २०१५ चे निकष पूर्ण होतात. निगेटिव्ह आला तर? तिथे परिस्थितीवर अवलंबून आहे. चांगल्या पद्धतीतही एनएमओचे साधारण एक चतुर्थांश रुग्ण निगेटिव्ह येतात. तेव्हा निकष कडक होतात: किमान दोन वेगवेगळ्या जागी हल्ले हवेत, त्यातला एक डोळ्याची नस, लांब मायलायटिस किंवा एरिया पोस्ट्रेमा यांपैकी, आणि एमआरआयची साथ हवी. ताईंच्या बाबतीत उचकी हा पहिला हल्ला होता असं सिद्ध करता आलं तर त्या निगेटिव्ह असूनही या चौकटीत बसू शकतात. म्हणून दिवाळीनंतरच्या त्या त्रासाचे जुने कागद शोधा: डिस्चार्ज कार्ड, एंडोस्कोपीचा रिपोर्ट, औषधांच्या पावत्या. रक्त तीन ते सहा महिन्यांनी पुन्हाही करता येतं.

टीबीबद्दल तिसऱ्या डॉक्टरांचं म्हणणं मी झटकून टाकत नाही. सोलापूर, धाराशिव, कलबुर्गी, विजयपूर या सगळ्या पट्ट्यातून पेशंट येतात, आणि मणक्याची टीबी हा आमच्या ओपीडीत नेहमीचा पाहुणा आहे. पण तिची चाल वेगळी असते. आठवडे-महिने चाललेलं पाठीचं दुखणं, संध्याकाळचा बारीक ताप, घटलेलं वजन, फिल्ममध्ये मणका आणि चकती खाल्लेली, बाजूला पूचा गोळा. मज्जारज्जूच्या आवरणाची टीबी मणका न खाताही होऊ शकते, म्हणूनच पाठीतलं पाणी तपासायला हवं. पाणी काढलं की कायमची कंबर धरते, ही भीती आपल्याकडे घट्ट बसलेली आहे. सुई जिथे जाते तिथे मज्जारज्जू नसतोच, तो वरच संपलेला असतो. एक-दोन दिवस डोकं दुखू शकतं, एवढंच बहुतेकांना होतं.

त्या पाण्यात साखर कमी, प्रथिनं खूप वाढलेली, लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी जास्त असतील, सीबीनॅट (टीबीचे जंतू शोधणारी तपासणी) पॉझिटिव्ह असेल, तर टीबी. एनएमओमध्येही हल्ल्याच्या वेळी पेशी वाढू शकतात, त्यात न्यूट्रोफिल या जंतुसंसर्गात वाढणाऱ्या पेशीसुद्धा असतात, आणि तिथेच जंतुसंसर्गाचा घोळ होतो. पण साखर साधारणपणे नीट असते. ऑलिगोक्लोनल बँड (पाठीतल्या पाण्यातल्या प्रतिद्रव्यांच्या पट्ट्या) एमएसच्या बहुसंख्य रुग्णांत सापडतात, एनएमओच्या मोजक्याच. टीबीचा पुरावा मिळाला तर औषधं पूर्ण द्यावीत. पुरावा नसताना ‘असू दे सोबत’ म्हणून सुरू करण्याला माझा विरोध आहे, आणि त्याचं एक साधं कारण असं की रिफॅम्पिसिन हे टीबीचं औषध स्टेरॉइडचा रक्तातला परिणाम चांगलाच कमी करतं. एनएमओच्या रुग्णाला नेमकं जेव्हा स्टेरॉइड हवं तेव्हा ते तोकडं पडतं.

बाकीची कारणं झटपट: बी-१२ ची कमतरता (शाकाहारी घरात तर बघाच), एचआयव्ही, सिफिलिस, थायरॉइड, आणि एएनए-एसएसए या रक्ततपासण्या, कारण ल्युपस आणि श्योग्रेन हे प्रतिकारशक्तीचेच आजार एनएमओसोबत जोडीने राहतात. क्षणात किंवा तासाभरात पाय गेले असते तर मज्जारज्जूचा रक्तपुरवठा तुटला का ते पाहिलं असतं. वयस्कर पुरुषात स्टेरॉइड दिल्यावर पाय आणखी गेले तर रक्तवाहिन्यांच्या फिस्च्युलाचा (चुकीच्या जोडणीचा) विचार करावा लागतो. ताईंच्या गोष्टीत हे दोन्ही बसत नाही.

आतापर्यंतचं एकत्र करतो. तरुण स्त्री, आधी उचकी-उलट्या, मग लांब मायलायटिस: शंका एनएमओची. ‘ट्रान्सव्हर्स मायलायटिस’ चुकीचं नाही, पण ते मज्जारज्जूला सूज आहे एवढंच सांगतं, कशामुळे ते सांगत नाही. एमएस शक्य आहे, पण या चित्रात कमी. टीबी पाठीतल्या पाण्याने आणि फिल्मने बाजूला ठेवायची.

एमएसच्या इंजेक्शनबद्दल मी सुरुवातीलाच एवढं ठाम का बोललो, तर एमएसवर चांगली चालणारी काही औषधं, इंटरफेरॉन-बीटा, फिंगोलिमॉड, नॅटालिझुमॅब, एनएमओच्या रुग्णात हल्ले वाढवू शकतात. या दोन आजारांची गल्लत फक्त कागदावरची राहत नाही. एमएसमध्ये पहिल्या हल्ल्यातून माणूस बऱ्यापैकी सावरतो आणि अपंगत्व वर्षानुवर्षं हळूहळू साचतं. एनएमओमध्ये प्रत्येक हल्लाच मोठा असतो, त्यातून उरलेलं नुकसान तसंच राहतं आणि पुढचा हल्ला त्यावर चढतो. प्रतिद्रव्य पॉझिटिव्ह असलेल्यांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त जणांना उपचाराविना पुन्हा हल्ला येतो. उलट दोन हल्ल्यांच्या मधल्या काळात आजार सहसा सरकत नाही. याचा अर्थ, पुढचा हल्ला थांबवला तर ताई आत्ता जिथे आहेत तिथून वरच जातील. माझी सगळी तळमळ याच एका गोष्टीसाठी आहे. आत्ता त्या धरून चालतायत, ही सर्वात चांगली वेळ आहे निदान पक्कं करायची, आणि नेमक्या याच वेळी घरचे फाईल कपाटात ठेवतात.

निदान ठरलं तर पुढे काय? हल्ल्यात मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड रोज एक ग्रॅम पाच दिवस, ते ताईंना मिळालं. पाच दिवसांत पुरेसा फरक नसेल तर प्लाझ्मा एक्स्चेंज लवकर करावं, एक दिवसाआड पाच ते सात सत्रं. जितकं लवकर तितका फायदा. नंतर स्टेरॉइडची गोळी हळूहळू कमी करत नेतात आणि त्या आडोशाला प्रतिबंधाचं औषध सुरू होतं: रिटुक्सिमॅब, किंवा अॅझाथायोप्रिन, किंवा मायकोफेनोलेट. अॅझाथायोप्रिनला पूर्ण जोर धरायला काही महिने लागतात, म्हणून तोवर स्टेरॉइड चालू ठेवावं लागतं आणि सुरुवातीला रक्तपेशी, लिव्हर वरचेवर बघावं लागतं. रिटुक्सिमॅबआधी हिपॅटायटिस-बी, एचआयव्ही आणि दबलेली टीबी तपासतात. एक्युलिझुमॅब, इनेबिलिझुमॅब, सॅट्रालिझुमॅब ही २०१९-२० मध्ये याच आजारासाठी मान्य झालेली नवी औषधं प्रभावी आहेत, पण त्यांची किंमत सामान्य घराच्या आवाक्यातली नाही. आपल्या भागात बहुतेक रुग्ण पहिल्या तीन औषधांवरच सांभाळले जातात आणि चांगले सांभाळले जातात. पैशाची अडचण असेल तर सिव्हिलमध्ये किंवा महात्मा फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटून, यातलं काय योजनेत बसतं ते विचारा. जाताना रेशनकार्ड आणि सगळे रिपोर्ट सोबत न्या.

उन्हाळ्याबद्दलही सांगायला हवं, कारण सोलापूरचा एप्रिल-मे सुरू आहे. पारा बेचाळीसच्या वर गेला की जुन्या हल्ल्याची लक्षणं तात्पुरती डोकं वर काढतात. दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये मशीनवर बसल्यावर पाय जड होतील, डोळ्यापुढे धूसर होईल, आणि थंडाव्यात बसलं की तासाभरात उतरेल. हा नवा हल्ला नाही. ताप आला, लघवीत जंतुसंसर्ग झाला, तरी असंच होतं, आणि नळी लावलेल्या रुग्णात ते वारंवार दिसतं. याउलट नवीन लक्षण, किंवा जुनंच पण चोवीस तासांपेक्षा जास्त टिकलेलं, ताप नसताना आलेलं, हा हल्ला समजून त्याच दिवशी डॉक्टर गाठा. कारखान्यात मालकांशी बोलून सकाळची पाळी, पंख्याजवळची जागा मिळते का बघा. काम सोडायची गरज बहुधा पडणार नाही.

शेवटी दुसऱ्या मुलाबद्दल. एनएमओ असला तरी मूल होऊ शकतं, मी असे संसार पाहिलेत. पण आत्ता लगेच नाही, आणि औषध न सांगता बंद करून तर अजिबात नाही. बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत हल्ल्याची शक्यता वाढते, म्हणून दिवस जाण्याआधी आजार स्थिर असणं आणि प्रतिबंधाचं औषध ठरलेलं असणं महत्त्वाचं. मायकोफेनोलेट गर्भाला घातक आहे. ते चालू असेल तर गर्भधारणेच्या किमान दीड महिना आधी थांबवून दुसऱ्या औषधावर जावं लागतं. अॅझाथायोप्रिन गरोदरपणात देखरेखीखाली चालू ठेवता येतं. त्यामुळे औषध निवडतानाच, पहिल्याच भेटीत, ताईंनी स्वतः डॉक्टरांना सांगावं की मला मूल हवंय. सासरच्या मंडळींसमोर बोलायला संकोच वाटत असेल तर तुम्ही भाऊ म्हणून सोबत जा आणि डॉक्टरांकडे दहा मिनिटं वेगळी मागा. न्यूरॉलॉजिस्ट आणि बाळंतपण करणारे डॉक्टर यांचे एकमेकांकडे नंबर असू द्यात. तोवर गर्भनिरोधनाचं काहीतरी खात्रीचं साधन वापरा.